सपरीवरचं बोलणं

एका विद्यापीठातल्या मॅडमनी आमच्या बाबूजींना फसवलं. बाबूजींच्या मते त्यांनी फसवलं नव्हतं, समजण्यात चूक झाली होती. या एका मुद्द्यावर आमचं दोघांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. बाबूजी आता नाहीत आणि लिहिणारी मी आहे, म्हणून फसवलं हाच शब्द ठेवते.

बाबूजी माझे घरमालक. आर्वीच्या तारघरात त्यांचं आयुष्य गेलं, म्हणून गाव त्यांना तारबाबू म्हणायचं. एकटा जीव. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं की म्हणायचे, "लोकायच्या लग्नाच्या तारा करता करता मुहूर्त टळला." उंच, वाळकी अंगकाठी, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, आणि बोट सतत चालू. टेबल असो, गुडघा असो, पाण्याचा तांब्या असो, उजव्या हाताचं मधलं बोट त्यावर टकटक करत राहायचं. तारेची लिपी होती ती. तोंडाने समोरच्याशी गोड बोलत असताना बोट भलतंच काही बोलत असावं, असा मला कायम संशय होता. एकदा विचारलंही, "बाबूजी, काय म्हनते तुमचं बोट?"

"ते खासगी हाय," ते म्हणाले.

शब्दांच्या बाबतीत माणूस भयंकर चिक्कू. तारेत शब्दाला पैसे पडायचे, ती सवय जिभेला लागलेली. माझ्यासारखी बडबडी बाई समोर आली की सगळं शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "आता हेच कमी शब्दात सांग."

मी बाजारात वाढलेली. वडील जिनिंगमध्ये हमाल, आई आठवडी बाजारात बांगड्या विकायची, आणि मला अक्षरओळख होण्याआधी घासाघीस येत होती. नवरा लवकर गेला. त्यानंतर खेटे घालून, भांडून एसटीडी बूथचा परवाना मिळवला आणि डेपोच्या रस्त्यावर खोली शोधत बाबूजींच्या सपरीवर जाऊन बसले. सपरी म्हणजे घरापुढची उघडी पडवी. आमच्याकडे येणारा माणूस आधी तिथे टेकतो, पाणी पितो, मग कामाचं बोलतो. मी भाडं सांगितलं. मनात होतं त्याच्या निम्मंच सांगितलं, कारण तिथून वर चढायचं असतं.

"ठीक," बाबूजी म्हणाले.

"ठीक म्हंजे? तुमी काई बोलत काऊन नाई?"

"तू बोलली नं."

"खोली गळते का?"

"गळते."

"मंग अजून कमी करा."

"कर."

असा अपमान माझा कोणी केला नव्हता. समोरचा ओढतच नसेल तर दोरी हातात धरून आपण वेड्यासारखे उभे राहतो. मी तणतणत उठले, रस्त्यापर्यंत गेले, परत आले आणि भाडं स्वतःच वाढवून दिलं. ते म्हणाले, "बस आता. पानी घे."

बूथ सुरू झाला आणि त्यांचा जाच सुरू झाला. त्या काळी लाइन अशी खराब की पुण्याला बोलायचं तर पुण्याला ऐकू जाईल एवढं ओरडावं लागे. बूथमध्ये माणूस ओरडे, "पोरीले दिवस गेले," आणि डेपोतले कंडक्टर मान वळवून बघत. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट गर्दी जमली तर दुकानाची जाहिरातच. बाबूजींना मात्र ते सहन होईना. कोणी फोनवर बोलायला लागलं की ते सपरीवरच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसत. रस्त्यावर कोणी रेंगाळला तर त्याच्यावर खेकसत, "काय आयकून राह्यला? तुह्या घरचं हाय काय? चाल." एका सकाळी मी दुकान उघडते तो काय, बूथच्या लाकडी भिंतींना आतून त्यांनी स्वतःच्या हाताने गोधडी ठोकलेली. जुनी, त्यांच्या आईच्या हातची. आत उभं राहिलं की घामाने जीव जाई, पण आवाज बाहेर येत नसे. मी भांडले. "गिऱ्हाईक भाजून निघन नं बाबूजी."

"भाजू दे. उघडं पडन्यापेक्षा बरं."

तारघरातला एक किस्सा ते क्वचित सांगत, आणि सांगताना त्यात नावगाव कधी येत नसे. तार म्हणजे मरण असंच खेड्यात समजत. शिपाई सायकलवरून दिसला की बाया कागद उघडण्याआधीच हंबरडा फोडत. बाबूजींनी शिपायाला सांगून ठेवलं होतं: तार चांगली असेल तर लांबूनच घंटी वाजवत जा. कोणाला नोकरी लागली, कोणाला मुलगा झाला, की ट्रिंग ट्रिंग. लोकांना सवय झाली. मग बाबूजींच्या डोक्यात किडा शिरला. घंटी वाजली म्हणजे गल्लीला कळलं की तार सुखाची आहे. म्हणजे दुसऱ्याच्या तारेतलं आपण गल्लीला सांगितलं. ही फूट झाली. त्यांनी घंटी बंद केली. पुढच्याच आठवड्यात एका म्हाताऱ्याने शिपायाला नुसतं येताना पाहिलं आणि तो दारातच कोसळला. तारेत जावयाची बढती होती. म्हातारा वाचला, पण बाबूजींना कित्येक रात्री झोप लागली नाही. शेवटी त्यांनी घंटी पुन्हा चालू केली.

"मंग फूट झाली त्याचं काय?" मी विचारलं.

"भीती जाईन तेवढंच सांगाचं. त्याच्या पुढचं नाई." मग म्हणाले, "नियम पुस्तकात रायते. मानूस दारात रायते."

दोन हजार सालानंतर बूथवर माश्या बसायला लागल्या, तेव्हा मी त्याच खोलीत संगणक लावले आणि पाटी बदलली. गावाला वाटलं, बाई आता बुडते. पहिलं गिऱ्हाईक म्हणून येऊन बसले बाबूजी. मी शिकवायला म्हणून शेजारी उभी राहिले आणि तशीच उभी राहिले. माणसाची दहाही बोटं कळफलकावर पाण्यासारखी चालत होती. टाइपरायटरवर आयुष्य गेलेलं. माउस मात्र त्यांना शेवटपर्यंत आवडला नाही. "हे जनावर सरळ चालत नाई," म्हणायचे.

काही महिन्यांत त्यांनी इंटरनेटवर एक ग्रुप काढला. नाव ठेवलं सपरी. आर्वी, कारंजा, हिंगणघाट या भागातली माणसं नोकरीपायी कुठे कुठे गेलेली. त्यांना आपल्या बोलीत बोलायला एक जागा हवी, एवढाच हेतू. तेव्हा मराठी अक्षरं संगणकावर सरळ उमटत नसत, म्हणून सगळे इंग्रजी अक्षरांत वऱ्हाडी लिहीत. बाहेरच्याला ते शिव्या दिल्यासारखं दिसे. कोणी नवा आला की बाबूजींचा ठरलेला निरोप जाई: "या. बसा. पानी घ्या." पडद्यावर पाणी काय घेणार, पण परदेशात बसलेली पोरं त्या चार शब्दांनी रडत, हे मी वाचलं आहे.

ग्रुप कुलूप न लावता ठेवला होता. सदस्य नसलेल्यालाही सगळं वाचता येई. मी म्हटलं, बाबूजी, दार लावून घ्या, तशी सोय असते. ते म्हणाले, "सपरीले दार बसवलं तं ती खोली झाली. मंग येनारा लाजते."

"पन रस्त्यावरून आयकू जाईन त्याचं काय?"

"आयकू जाऊ दे. आयकू गेलं म्हनून ते रस्त्याचं होत नाई."

आता ज्या बाईचं घर या सगळ्यात पोळलं तिच्याविषयी. तिला मी इथे पऱ्हाटी म्हणते, म्हणजे कपाशीचं झाड. ग्रुपवर तिचं नाव दुसरं होतं, खरं नाव तिसरं आहे, आणि गावही सांगणार नाही. लिहिण्याआधी तिला विचारलं. तिने सांगितलं, "लिही, पन बुढीचं वाक्य लिहू नको." ते वाक्य कोणतं ते पुढे येईल, म्हणजे येणार नाही.

पऱ्हाटी बाजाराच्या दिवशी आर्वीला यायची. औषधं, किराणा, आणि मग माझ्याकडे कोपऱ्यातल्या संगणकावर. घरात नवरा, दोन मुलं, सासू. तिला शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा द्यायची होती आणि नवऱ्याला ते मान्य नव्हतं. तिच्या बाजूने एकच माणूस होतं, सासू. बाजाराचा दिवस हे निमित्त सासूनेच काढलं होतं. सून आर्वीत शिकवणीला बसे, सासू घर आणि नातवंडं सांभाळे आणि मुलाने विचारलं की औषधाच्या दुकानात गर्दी होती म्हणून सांगे. हे सगळं पऱ्हाटी सपरीवर लिहायची. तक्रार म्हणून नाही, मजा म्हणून. सासूचं बोलणं तर असं काही उतरवायची की आम्ही स्क्रीनपुढे बसून हसत असू. म्हातारी आपल्याच मुलाच्या तापट स्वभावाला उद्देशून एक वाक्य म्हणायची. तिचं स्वतःचं, तिनेच घडवलेलं. दुसऱ्या कोणाच्या तोंडी ते असूच शकत नाही. तेही पऱ्हाटीने एकदा लिहिलं.

मॅडम आल्या त्या उन्हाळ्यात, दुपारच्या एसटीने, घामाघूम होऊन. खादीची साडी, खांद्याला झोळी, हातात बाकरवडीचा पुडा. बाई वाईट नव्हत्या, हे मला मान्य करावं लागतं आणि ते मला जड जातं. बाबूजींच्या पाया पडल्या. बरेच दिवस त्या ग्रुप वाचत होत्या. खेड्यातल्या बायका इंटरनेटवर कशा बोलतात, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. वीज गेलेली, म्हणून आम्ही सपरीवर बसलो. बाबूजींनी माठातलं पाणी दिलं, चहा सांगितला. मॅडम सरळ मुद्द्यावर आल्या. "काका, ग्रुपवरचं लिखाण मी माझ्या अभ्यासात वापरू शकते ना?"

बाबूजींचं बोट खुर्चीच्या हातावर थांबलं. मग ते हसून म्हणाले, "पाहू नं मंग. चहा घ्या, निवून राह्यला."

इथे मला दोन शब्द सांगितले पाहिजेत. आमच्याकडे घरी आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. पाहुणा सपरीवर बसलेला, हातात आपलंच पाणी, आणि त्याला नाही म्हणायचं, हे कसं जमणार? म्हणून पाहू म्हणतात. मुलाकडचे स्थळ घेऊन आले आणि मुलीचा बाप पाहू म्हणाला, की ते चपला शोधायला लागतात. माझ्या दुकानात गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन पाहू म्हणालं, की मी वस्तू परत फळीवर ठेवते. त्याला राग नाही, मला राग नाही. पाहू हा या जिल्ह्यातला सर्वांत स्पष्ट नकार आहे.

मॅडमनी दोन्ही हात जोडले, "खूप खूप आभार, काका," म्हणाल्या, आनंदाने चहा प्यायल्या, कोपऱ्यातल्या संगणकाची जागा पाहून घेतली आणि संध्याकाळच्या गाडीने गेल्या. बाबूजी कितीतरी वेळ खूश होते.

"समजदार बाई हाय. नाई म्हनलो तरी आभार मानले. शिकलेल्यायचं असं रायते."

मला वाटलं सौदा मोडला. बाबूजींना वाटलं सौदा मोडला आणि माणूस जोडला. मॅडमना वाटलं सौदा झाला.

वर्ष गेलं असेल नसेल. पऱ्हाटीचा दीर अमरावतीकडे कॉलेजात शिकवतो. कुठल्याशा परिसंवादात मॅडमनी आपला निबंध वाचला. नाव बदललेलं, गाव गाळलेलं, सगळं रीतसर. पण त्यात म्हातारीचं ते वाक्य जसंच्या तसं. समोर खुर्चीत तिचा धाकटा मुलगा, म्हणजे हाच दीर, बसलेला. आईच्या तोंडून जे वाक्य ऐकत तो लहानाचा मोठा झाला, ते माईकवरून ऐकलं. हॉलमधले लोक हसले. तो हसला नाही. त्याने निबंधाची प्रत मागून घेतली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की सर्व उतारे परवानगीने वापरले आहेत.

त्या एका शब्दाने घर मोडलं. दीर घरी आला आणि म्हणाला, "वहिनी, मुलाखती द्याले लागल्या तुमी?" पऱ्हाटी सांगत राहिली की मी कोणाला काही दिलं नाही, मला कोणी विचारलं नाही. त्याने प्रत पुढे केली. छापलेलं आहे, परवानगीने. नवऱ्याला शिकवणीचं कळलं, त्याचं जे व्हायचं ते झालं. पण पऱ्हाटीला लागलं ते दुसरंच. म्हातारीने सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "माहं बोलनं इकून टाकलं का वं तू?" दुसऱ्या दिवशी ती धाकट्याबरोबर निघून गेली. मुलं सांभाळायला कोणी उरलं नाही, बाजाराचा दिवस बंद झाला, परीक्षेचा दिवस येऊन गेला.

हे आम्हाला कळलं ते पऱ्हाटीच्या ग्रुपवरच्या शेवटच्या निरोपातून. बाबूजींनी तो वाचला आणि संगणकापुढून उठले. "फोन लाव," म्हणाले. बूथमधला फोन अजून चालू होता. गोधडी तशीच होती. ते आत उभे, मी दारात.

"मॅडम, मी आर्वीहून. तुमी परवानगीनं लिवलं. कोनाच्या?"

पलीकडून आलेलं मला ऐकू येत होतं, कारण मी कान लावला होता आणि त्याबद्दल त्यांनी पहिल्यांदाच मला हटकलं नाही. "काका, तुमच्याच की. तुम्ही संस्थापक. तुम्ही म्हणालात ना, पाहू म्हणून."

"मी पाहू म्हनलो. पाहू म्हंजे नाई."

 मग त्या म्हणाल्या, "अहो, पण ग्रुप तर सर्वांना खुला होता. आणि मी नाव बदललं होतं."

"नाव बदललं. बोलनं कसं बदलान?"

मी फोन ओढून घेणार होते. माझ्याजवळ भरपूर शब्द तयार होते. बाबूजींनी हाताने मला लांब धरलं आणि म्हणाले, "एक शब्द काढा, मॅडम. परवानगीनं. तेवढा एकच. अन् तसं त्यायच्या घरी लिहून कळवा." मॅडम म्हणाल्या की आता छापून झालं आहे, संपादकांशी बोलावं लागेल. "बघते हं, काका."

बाबूजींनी हळूच फोन ठेवला.

"काय म्हनल्या?"

"नाई म्हनल्या," बाबूजी म्हणाले.

मला जाऊन त्या दिराला दोन ऐकवाव्यात असं झालं, आणि मी गेले. त्याने खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तुमचं म्हणणं तुम्ही सांगताय. त्यांचं छापलेलं आहे." म्हातारीने मला आतूनच पाणी पाठवलं, बाहेर आली नाही. बाबूजींना कळलं तेव्हा ते माझ्यावर रागावले. मी गेले म्हणजे सायबर कॅफेची बाई येऊन गेली, म्हणजे आणखी चर्चा झाली. स्वतः त्यांना पऱ्हाटीची माफी मागायची होती, पण तिच्या गावी पाऊल टाकायला ते तयार नव्हते. "मी तिच्या दारात गेलो तं गाव इचारन, हा बुढा कोन?" म्हणून ते दर बाजाराच्या दिवशी सकाळपासून सपरीवर बसून राहत. ती आलीच तर भेटेल म्हणून. जेवायलाही आत जात नसत. मी डबा आणून पुढे ठेवी.

मी म्हणे, "बाबूजी, त्या बाईनं फसवलं तुमाले."

"तिले आपली बोली नाई समजली."

"मोठी पंडितीन बोलीवर लिहाले निघाली अन् पाहू नाई समजली?"

"माहीच चूक हाय. अन् समज, मी हो म्हनलो असतो, तरी काय? सपरी माही हाय. बोलनं माहं हाय का?"

त्या वाट पाहण्यातच नियम तयार झाले. तारेसारखे, एकेका शब्दावर घासाघीस करून. ही घासाघीस मात्र आमच्यात खरी झाली. मी शब्द वाढवायची, ते छाटायचे. आधी सांगावं की आपण कोण आणि कशाला आलो. ज्याचं बोलणं त्यालाच विचारावं. सपरीवाल्याचा होकार सर्वांचा होकार नाही. हो म्हणजे हो, बाकी सगळं नाही. गप्प राहणं हेही नाहीच. "आज हो म्हनलं अन् उद्या नाई म्हनलं, तं नाई धराचं," हा त्यांचा. मी म्हटलं, हा बाजारात चालणार नाही, सौदा म्हणजे सौदा. ते म्हणाले, "बोलनं म्हंजे कापूस नाई, एकदा गाडीत भरला की गेला." बोलणं जसंच्या तसं उतरवू नये, शोधणारा त्या धाग्याने घरापर्यंत जातो, हा आम्हाला पऱ्हाटीच्या घराने शिकवला. आणि उघड्यावर बोलणारा माणूस समोरच्याला बोलतो, वाटसरूला नाही, हा तर त्यांच्या नोकरीतलाच. ग्रुपच्या दारात, म्हणजे पहिल्या पानावर, त्यांनी हे सगळं लावलं आणि मॅडमनाही पाठवलं. उत्तर आलं नाही.

पऱ्हाटी आली ती एकदाच, अचानक, भर उन्हात. बाबूजी खुर्चीतून उठले.  बोट खांबावर टकटक करायला लागलं. तीच म्हणाली, "बाबूजी, बसा. पानी तं देसान?"

त्यांनी स्वतः पाणी आणलं.  म्हणाले, "माय, त्या बाईले मी पाहू म्हनलो होतो."

पऱ्हाटीने तांब्या खाली ठेवला. "पाहू म्हनले नं? मंग? ते तं नाईच झालं."

बाबूजी खाली बसले आणि उपरण्याने डोळे पुसायला लागले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. ती बिचारी त्यांचीच समजूत घालत राहिली. "तुमी कायले रडता बाबूजी? ज्याले समजते त्याले समजते." मग म्हणाली, "बुढीले कोनी सांगतलं पायजे फक्त. माहं आयकत नाई ते."

पुढे ग्रुपवरच्या एका पोराने पुण्याहून एक पुस्तिका पाठवली. इंटरनेटवरच्या समूहांचा अभ्यास कोणत्या नीतीने करावा, याविषयी. लेखिका, मॅडम. मी उघडून वाचते तर आमचेच नियम. शब्द भारी, अर्थ आमचा. संचालकाची अनुमती ही सदस्यांची संमती मानू नये. मौन ही संमती नव्हे. शब्दशः उद्धरण टाळावे. आणि खाली एक उदाहरण: एका छोट्या गावातील वयोवृद्ध संचालकाच्या संदिग्ध उत्तरामुळे गैरसमज उद्भवला. मी ते वाचून पुस्तिका रस्त्यावर फेकली. बाबूजी जाऊन घेऊन आले, धूळ झटकली, चष्मा लावून सबंध वाचली.

"नियम बरोबर घेतले," म्हणाले. "शब्द लय झाले."

"अन् संदिग्ध? तुमी संदिग्ध?"

त्यावर त्यांचं बोट जरा वेळ गुडघ्यावर चाललं. "तार स्पष्ट होती. घेनाऱ्याले लिपी येत नव्हती." मग पुस्तिका माझ्या हातात दिली. "जाऊ दे वं. पुढच्या पोराईले उपयोगी पडन. एखादी पऱ्हाटी वाचन."

असा माणूस. भाडं कमी करा म्हटलं तर कर म्हणणारा, चोरी झाली म्हटलं तर उपयोगी पडेल म्हणणारा. ते थंडीत गेले, सकाळी, खुर्चीतच. तेरवीला माणसं आली त्यांतली निम्मी मी कधी पाहिलेली नव्हती. प्रत्येकाच्या घरी त्यांच्या हातून कधीतरी मरणाची नाहीतर जन्माची तार गेलेली होती, आणि त्यातला शब्द बाहेर न जाता ती अजून ज्याची त्याचीच होती. ग्रुपवर पोरांनी निरोप लिहिले. मी ते कुठे उतरवून ठेवले नाहीत. नंतर असे ग्रुप चालवणारी ती कंपनीच बंद पडली आणि सपरी गेली.

बाबूजींनी सोडून दिलं. मी सोडणारी नाही.

मॅडम, तुम्ही आता तुमच्या विद्यापीठात त्या समितीवर बसता असं ऐकते. कोणी कोणाला काय विचारून संशोधन करावं, यावर तुमची सही लागते. चांगलं आहे. नियमांखाली बाबूजींचं नाव घाला असं मी म्हणत नाही, त्यांनाच ते आवडलं नसतं. संदिग्ध शब्दाचाही हिशोब मी मागत नाही. माझं मागणं एकच आहे. म्हातारी अजून आहे. नजर गेली, कान शाबूत आहेत. सुनेने आपलं बोलणं विकलं असं ती अजून धरून आहे, कारण तुम्ही तसं छापलं आणि छापलेल्यापुढे आमच्या तोंडच्या शब्दाला कोणी विचारत नाही. तुम्ही या, तिच्यापुढे बसा आणि स्वतःच्या आवाजात सांगा की सुनेने मला काही दिलं नव्हतं, मी तिला विचारलंच नव्हतं, परवानगीने हा शब्द मी माझ्या मनाने लिहिला. पत्ता मी इथे देणार नाही. दोघींना आधी विचारीन, त्या हो म्हणाल्या तरच तुम्हाला घेऊन जाईन. गाडीभाडं माझं. कधी येता, तेवढं सांगा.